चावडीत मागितलेलं गाणं

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि अमरावतीच्या आमच्या कॉलेजात एक योजना आली. राष्ट्रीय संस्कृतीचा अभ्यास म्हणून विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात खेड्यात राहायचं, जुनी गाणी लिहून आणायची आणि त्याबद्दल विद्यावेतन मिळायचं. मराठीच्या सरांनी चौघांना निवडलं, त्यांत मी होतो. वडील कोर्टात कारकून. आपल्या कमाईचे पैसे हातात येणार, याचाच मला आनंद होता. संस्कृतीचा विचार मी केलाच नव्हता.

माझ्या वाट्याला वलगावच्या पुढचं एक गाव आलं आणि विषय आला मरीमायच्या गाड्याची गाणी. पूर्वी गावात पटकीची साथ आली की देवीचा गाडा शिवेबाहेर नेत. त्यापुढे डफ वाजवून गायचा मान गावकुसाबाहेरच्या एका घराकडे होता. मान हा शब्द सरांचा. मी तो तसाच वहीत उतरवला.

पाटलांकडे उतरलो. त्यांनी आडनाव विचारलं, मामाचं गाव विचारलं आणि माझं पान माजघरात मांडायला सांगितलं. विषय ऐकल्यावर ते हसले.

"म्हंजे सरकारले ते गानं पायजे?"

"सरकार नाही, कॉलेज."

"एकच हाये ते. शिक्का हाये ना कागदावर?"

होता. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि घडी करून आपल्याच खिशात ठेवला. मागायचं मला सुचलं नाही.

सकाळी वस्तीकडे निघालो. पाटलांचा गडी न सांगता मागे आला. मी थांबलो की तोही थांबे. ज्यांच्याकडे गाणं होतं ते म्हातारबा निंबाखाली अंबाडीचा दोर वळत बसले होते. दाराच्या आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. धर्म बदलून पाच-सहा वर्षं झाली होती. त्यांनी मला बाजेवर बसवलं. सुनेनं पाण्याचा लोटा आणला आणि माझ्या हातात द्यावा की खाली ठेवावा, म्हणून जरा थबकली. मी हात पुढे करून घेतला, प्यालो. गड्यानं ते पाहिलं.

"ते गानं आता आमच्या घरात नाई बाप्पा," म्हातारबा म्हणाले. "देव नदीत सोडले, त्याच दिशी डफ फोडला."

"आठवत नाही का?"

"आठवते ना, सारंच आठवते. ज्याच्या घरी रोग, त्याचं लुगडं मलेच उचला लागे. गाडा शिवेवर नेला का उष्टं भेटे. माही पोरगी अशाच एका पटकीत गेली अन् दुसऱ्या दिशी म्या गाड्यापुढं गायलं. हे लिवान का तुमी?"

मी लिहिलं. पानभर लिहिलं. ते सांगत होते तेवढ्यात सून दारातून हळूच म्हणाली, "मामाजी, तो पायते." मग माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी जा आता. तुमी जासान गावाले, आमाले इथंच राहाचं हाये."

त्या संध्याकाळी माझं पान ओसरीवर वाढलं गेलं. पाटलीणबाईंनी पोळी वरून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चावडीत बोलावणं आलं. ऊन असं की बाहेर कुत्रंही नव्हतं, पण चावडीत दहा-बारा माणसं भिंतीला टेकून बसली होती. मध्ये नवा कोरा डफ. म्हातारबा उन्हात उभे होते. पाटलांनी खिशातून माझा कागद काढला.

"सरकारचा माणूस आला हाये. शिक्का हाये. मंग काहून नाई गात?"

म्हातारबांनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुमी सांगा. तुमाले पायजे हे?"

लगेच बोलायला हवं होतं, पण मी आधी पाटलांकडे पाहिलं. मग म्हणालो, "नाही. माझं काम झालं."

"तुमाले नसन पायजे, कागदाले पायजे," पाटील म्हणाले.

म्हातारबांनी हात जोडले आणि पाठ फिरवून चालू लागले. कुणी अडवलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. पाटील नुसते सुपारी कातरत राहिले. मला भीती वाटली ती तेव्हा.

सकाळी दुकानदारानं वस्तीतल्या बायांना मीठ दिलं नाही. पिठाच्या गिरणीवरून दळणाच्या टोपल्या तशाच परत गेल्या. मी पाटलांना म्हणालो, "हे माझ्यामुळे होतंय, थांबवा." ते म्हणाले, "काय होऊन राहिलं? तुमाले काई दिसते का?" त्यांनी मला बसपर्यंत पोचवायला बैलगाडी दिली. मी तीत बसलो.

सरांना सगळं सांगितलं. त्यांनी वही वाचली, चष्मा पुसला आणि ते पान रेघ ओढून खोडलं. "हे आपल्या विषयात बसत नाही." अहवालात लिहिलं, माहितगार मिळाला नाही. खाली माझी सही घेतली. मी केली. पोलिसांत जाऊ का, असं विचारलं, तर म्हणाले, "तुम्हाला बी.ए. व्हायचंय ना?"

तीन वर्षांनी अकोल्याला नोकरी लागली. तिथल्या बाजारात भाजी घेताना एक बाई पुढ्यात उभी राहिली. "तुमी वहीवाले भाऊ ना?" ती सून होती. मी गाव सोडलं त्याच आठवड्यात त्यांची कडब्याची गंजी आणि गोठा भरदुपारी जळाला होता. बैल सोडवताना म्हातारबांचे दोन्ही हात भाजले.

"कोणी लावली आग?"

"कोनीच नाई. पोलिसानं लिवलं, उन्हानं पेटली."

मग सगळं घर अकोल्याला आलं. तिचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला.

रविवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. म्हातारबांची बोटं आखडली होती, कप दोन्ही तळव्यांत धरून ते चहा पीत होते. पान खोडल्याचं आणि सहीचं मी सांगून टाकलं.

"तुमी तवा लहान होते," ते म्हणाले.

दाराशी बसलेला त्यांचा मुलगा, सुनेचा नवरा, उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला. मी तासभर बसलो. तो आत आला नाही. निघालो तेव्हा तो समोरच्या नळाजवळ उभा होता. मी नमस्कार केला. त्यानं केला नाही.