हिरव्या बाणाचं काम काय

माझी शाळा आठवीत सुटली, आणि कॉम्प्युटर म्हणजे मी हात लावला की बिघडणारच अशी माझी खात्री, म्हणून उल्हासनगरच्या त्या ऑफिसात मी गेले ती नुसती ताईंना सोडायला. ताई म्हणजे माझी मोठी नणंद, जन्मापासून दिसत नाही, पण क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकलेल्या. अंबरनाथहून रिक्षानं यायचं, एका कोपराला ताईंचा हात, दुसऱ्या कडेवर माझं सहा महिन्यांचं पोरगं.

ऑफिस कसलं, फर्निचरच्या दुकानावरची एक खोली. सिंधी शेठ तिथं वेबसाइट बनवायचे. अंधांच्या एका संस्थेनं त्यांना काम दिलेलं, न दिसणाऱ्या माणसाला एकट्याला फॉर्म भरता आला पाहिजे असं. कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं बोलून दाखवायचा, पण चित्र आलं की गप्प. म्हणून प्रत्येक चित्रामागं शब्द लिहून ठेवायचे, मग तेच तो बोलणार. ताईंनी ऐकून चुका काढायच्या. संस्थेला पसंत पडलं तर ताई पक्क्या. पस्तीस वर्षांच्या झाल्या होत्या, ही पहिली नोकरी.

शेठ मला म्हणाले, "बेटी, बसून काय करतेस? मराठी लिहिता येतं ना? चित्रांची नावं लिही वहीत, मी टाईप करतो."

पोराला मांडीवर घेतलं आणि दिसेल ते लिहीत गेले. हिरवा बाण. लाल फुली. निळा चौकोन. अक्षर चांगलं काढलं.

दुसऱ्या दिवशी ताई ऐकायला बसल्या. कॉम्प्युटर बोलला, "हिरवा बाण." ताईंचा हात थांबला.

"वहिनी, हे तू लिहिलंस?"

"हो. चुकलं का?"

"अगं बाण घेऊन मी काय शिकारीला जाऊ? फॉर्म पुढं कसा सरकवू?"

शेठनी कपाळाला हात लावला. "अरे, कल संस्थावाला साहब आएगा!"

माझ्यामुळं ताईंची नोकरी जाणार, घरी काय तोंड दाखवू, मी रडकुंडीलाच आले.

ताई म्हणाल्या, "रडू नको. चहाचा डबा विचारला की मला काय सांगतेस?"

"उजव्या हाताला, मिठाच्या बरणीमागं."

"लाल डबा म्हणतेस कधी?"

"छे, तुम्हाला रंग काय करायचाय!"

बोलले आणि मलाच कळलं. वही ओढली, सगळं खोडलं, पोराला खालून आणलेल्या फोमच्या तुकड्यावर झोपवलं आणि शेठच्या मागंच लागले, हे दाबलं की काय होतं, आणि हे? शेठ वैतागले, "पुढचं पान येतं रे बाबा!" मी लिहिलं, पुढच्या पानावर जा. फुलीला लिहिलं, भरलेलं पुसा. संध्याकाळपर्यंत एकेक चित्र मी असंच लिहिलं, ताई माझ्या स्वयंपाकघरात उभ्या आहेत असं धरून.

सकाळी संस्थेचे सर आले, त्यांनाही दिसत नव्हतं. काठी घडी करून बसले आणि फॉर्म भरायला लागले. मी भिंतीला चिकटून उभी. एका जागी सर थांबले. कॉम्प्युटर म्हणत होता, "बाळ हसतंय, दात अजून आले नाहीत." ते नुसतंच शोभेचं चित्र होतं, दाबायचं काही नव्हतं, म्हणून दिसलं तसं लिहून टाकलेलं.

सर खळखळून हसले. पुढं गेले, शेवटचं बटण दाबलं. "कुठंच अडलो नाही."

शेठ ताईंना म्हणाले, "सोमवारपासून दहाला या."

"वहिनी पण येईल," ताई म्हणाल्या. "ऐकायचं काम माझं. पण चित्रं मला कुठं दिसतात?"

"आणि बच्चा?"

"बाळाचं चित्र तर आधीच पास झालंय."

फोमवरून पोराला उचललं, कोपर पुढं केलं, आणि जिना उतरताना ताईंना नेहमीसारखं सांगत गेले, चौथी पायरी तुटकी आहे, पाय जरा लांब टाका.