मास्तरनं पाणी पेलं काय?

लग्नानंतरचा माझा पहिला नाताळ डोणगावपासून दोन कोसांवरच्या एका खेड्यात झाला. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर होते. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. भिंतीला भिंत लागून एका शेतकऱ्याचं घर होतं. तो आणि त्याची बायको, दोघंच. मी जालन्याकडची, गावात नवखी. पहिले पंधरा दिवस त्या बाईनंच मला पाणी कुठून भरायचं, सरपण कुठून आणायचं ते दाखवलं.

दिवाळी होऊन पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, वेचणी भरात आली होती. एका सकाळी हे बांधावरून शाळेला निघाले, आणि पऱ्हाटीतून एक कोल्हा निघून यांच्या पोटरीला झोंबला. दिवसाउजेडी कोल्हा माणसाच्या अंगावर येतो, तेव्हा तो पिसाळलेलाच समजायचा. आमचा शेजारी जवळच वेचत होता. तो धावत आला. हातात काठी नव्हती. त्यानं दोन्ही हातांनी कोल्ह्याची मान धरून ओढली. यांचा पाय सुटला, पण कोल्हा उलटून त्याच्या गालाला आणि मनगटाला चावला. मग इतरांनी येऊन कोल्ह्याला कुऱ्हाडीनं मारलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, चौदा दिवस, चौदा इंजेक्शनं, पोटात. एकही चुकवायचं नाही. दोघं रोज पायी डोणगावला जात आणि तिथून एसटीनं पुढे. पाच दिवस असे गेले. सहाव्या दिवशी शेजारी आलाच नाही. हे त्याच्या शेतात गेले, मीही मागोमाग गेले.

"चल, गाडी चुकेल."

"मास्तर, वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या. कापूस खाली पडून राह्यला. तुमी जा."

"अरे, तुला गालाला चावलाय. माझ्यापेक्षा तुलाच जास्त गरज आहे."

"मले काई होत नाही. पलीकडच्या गावच्या बुढ्यानं झाडपाला देल्ला. विष उतरलं म्हणे."

दुसऱ्या दिवशी हे पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी यांना लांबून येताना पाहून तो पऱ्हाटीत खाली बसला. तो बसलेला यांना दिसला होता. तरी हे तसेच गाडीला गेले.

यांची चौदा पुरी झाली. पोट सुजून कडक झालं होतं, कूस बदलता येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "आता तीन महिने काढा. तोवर काही सांगता येत नाही." काढा म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

नाताळला आठ दिवस राहिले असताना शेजारीण आमच्या दारात आली. "बाई, याले पाणी गिळता येत नाही. तांब्या पाह्यला का थरथरते."

मी गेले. तो कोपऱ्यात पाठ टेकून बसला होता. गालावरचा व्रण भरून आलेला. मला त्यानं ओळखलं. अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, दार लावा. हवा लागते."

दार लावलेलंच होतं.

त्याला बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. त्याचं प्रेत परत आणलं तेव्हा नाताळला चार दिवस उरले होते.

त्यानंतर रोज सकाळी ती बाई आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राही. कपाळ मोकळं, आवाज कोरडा. "मास्तरनं पाणी पेलं काय?"

"हाव, पेलं," मी म्हणे. ती मान हलवून परत जाई. ते काळजीनं विचारणं होतं की आणखी कशानं, मला कधीच ठरवता आलं नाही. पण तिच्या त्या प्रश्नानं मीही पाहायला लागले. हे चहाची बशी तोंडाला लावत आणि माझ्या हातातलं काम थांबे. यांच्या ते लक्षात आलं. मग हे माझ्याकडे पाठ करून पिऊ लागले, आणि ते तर जास्तच वाईट होतं.

नाताळच्या दिवशी मी कागदाची चांदणी लावली नाही. सकाळी पाळकसाहेब सायकलवरून आले. आजूबाजूच्या खेड्यांतली दोन ख्रिस्ती कुटुंबं आली. घर भरलं. गाणी आम्ही हळू आवाजात म्हटली, तबला काढलाच नाही. मग पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, देवानं तुम्हाला राखलं. उपकारस्तुतीचे दोन शब्द बोला."

हे उठले.

"मला राखलं की नाही, ते अजून ठाऊक नाही," हे म्हणाले. "देव आपल्यासाठी माणूस होऊन आला, असं मी दर नाताळाला म्हणत आलो. म्हणायचं म्हणून म्हणत आलो. या साली माझ्यासाठी एक माणूस रिकाम्या हातानं धावत आला. मी वाचलो म्हणून उपकार मानले, तर ते भिंतीपलीकडे ऐकू जातील. म्हणून, तो आला याबद्दल उपकार मानतो." आणि खाली बसले.

मग प्रभुभोजन. मनुका भिजवून मीच रस केला होता. प्याला यांच्याकडे आला. यांनी तो ओठांपर्यंत नेला आणि हात तिथेच थांबला. खोलीत कुणी हललं नाही. पाळकसाहेबांचे ओठसुद्धा थांबले. यांच्या गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, आणि यांना ठसका लागला. मी अर्धवट उठलेच होते. यांनी तोंड पुसलं आणि प्याला माझ्या हातात दिला.

विश्वास असला की भीती जाते, असं मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझी गेली नाही. पण तो प्याला धरून बसले असताना मला एवढं जाणवलं की या भीतीत मी एकटी नाही. जो गोठ्यात जन्मला, त्यानं असल्या घरांत यायचं आधीच कबूल केलं आहे. त्याबद्दल मी मनापासून आभार मानले. दुसरं काही मागायचं धैर्य झालं नाही.

दुपारी मी पिठलं-भाकरी घेऊन शेजारी गेले. तिनं ताट ठेवून घेतलं.

फाल्गुनात डॉक्टरांनी यांना पुन्हा तपासलं आणि म्हणाले, आता काळजी नाही. डोणगावहून चालत आलो तेव्हा हे आधी आमच्या घरी शिरले नाहीत, तिच्या अंगणात गेले. ती सरकीच्या पोत्याला टाके घालत होती. यांनी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. तिनं हातातला टाका पुरा केला.

"बरं झालं, मास्तर," ती म्हणाली. मग उठली आणि आत जाऊन दार लावून घेतलं.