बारकीची निळी रेघ

साठी उलटली तरी बारकी घरात बारकीच राहिली. मॉडेलं रंगवायच्या कारखान्यात मात्र तिच्यापुढे कुणी ब्र काढत नसे. दोन रंग जिथे मिळतात तिथून ती नख फिरवायची आणि नखाला जराशी कड लागली की मॉडेल परत. “रेघ डोळ्याला दिसावी, बोटाला लागू नये,” हे तिनं इतक्यांदा ऐकवलं होतं की लोक माघारी तिची नक्कल करायचे. दादाही करायचा.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. एकतीस वर्षं त्यानं एकच फेरीबोट चालवली. बोट भंगारात गेली आणि आता त्याची नजरही चालली होती. काय बघायचं ते लवकर बघून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा दादा म्हणाला, “मला माझी बोट बघायचीय.” म्हणून निवृत्त झालेली बारकी पुन्हा टेबलाशी बसली. हातभर लांबीची पांढरी बोट, कडेनं निळी रेघ. आज चार वाजता तो बघायला येणार होता.

आणि नेमकी इथेच बारकीनं माती खाल्ली. काल तिनं सगळं रीतसर केलं होतं. टेप आधी मनगटावर चिकटवून तिचा चिकटपणा मारला, रेघेची जागा सोडून वर-खाली लावली, कडेवर पांढऱ्याचाच एक पातळ हात दिला, म्हणजे टेपखाली शिरलाच तर पांढराच शिरेल. मग निळा फवारला. तो ओलसर आहे तोवर टेप काढायची, हे ती झोपेतही सांगेल. पण तेवढ्यात वहिनीचा फोन आला, दादा जिन्यात पडला म्हणून. ती हातातलं टाकून पळाली आणि रात्री तिथेच राहिली. खरचटण्यावर निभावलं होतं. “चप्पल सटकली गं,” एवढंच दादा म्हणाला.

दुपारी ती परतली तेव्हा खिडकीतल्या उन्हानं टेप पार भाजून निघाली होती. आता ओढली तर खालचा पांढराही सोलून येणार, आणि नव्यानं रंगवायला दिवस कुठे होते?

तिनं हेअर ड्रायरची ऊब दिली. टेपचं टोक चिमट्यात धरलं, उलटं दुमडलं आणि केसभर केसभर ओढायला लागली. नाळेपाशी, बोटीच्या पुढच्या टोकाला, करकर आवाज झाला. ती थांबली, पुन्हा ऊब दिली, पुन्हा ओढलं.

शेवटचा तुकडा सुटला. पांढरा शाबूत होता! पण नख फिरवलं तर निळ्याची कड भिंतीसारखी उभी. तिनं बारीक पॉलिशपेपर वाटीतल्या पाण्यात भिजवला आणि तेवढ्यात दार वाजलं. दादा अर्धा तास आधीच आला होता.

वहिनीनं त्याला खुर्चीत बसवलं. बारकीनं बोट उजेडात धरली. दादा कितीतरी वेळ बघत राहिला.

“हुबेहूब,” तो म्हणाला. “काय पांढरीशुभ्र आहे! रेघ मागाहून मारणार आहेस ना?”

वहिनीनं तोंडाला पदर लावला. चप्पल सटकली नव्हती, हे बारकीला आत्ता कळलं. तिनं बोट त्याच्या मांडीवर ठेवली.

दादानं ती सवयीनं चाचपली आणि त्याचा अंगठा थबकला. मग तो कडेकडेनं सरकत निघाला, मागून पुढे, जिथे रेघ नाळेकडे वर चढते तिथे तोही चढला.

“अगं, ही आहे की,” तो हळूच म्हणाला. मग त्याला हसू आलं. “तुझी रेघ, आणि बोटाला लागते?”

बारकीनं ओला पॉलिशपेपर मुठीत चुरगळला.

“मुद्दाम ठेवलीय, दादा.”