न्यायाधीश होईपर्यंत वेटर

नेदरलँड्समधल्या लायडनला आल्यापासून मला एका गोष्टीचा राग आहे. मी डच बोलायला तोंड उघडते आणि माझे उच्चार ऐकून समोरचा लगेच इंग्रजीवर येतो. त्याला वाटतं, आपण मदत करतोय. मला मात्र परकं वाटतं.

इथल्या एका छोट्या चित्रपटगृहात जुने कृष्णधवल सिनेमे दाखवतात. आधी एखादा हौशी प्रेक्षक दहा मिनिटं सिनेमाची ओळख करून देतो. माझ्या आवडत्या हॉलिवूड नटाचा सिनेमा लागणार हे कळताच मी नाव दिलं. कार्यक्रम ठरवणाऱ्या बाई म्हणाल्या, "इंग्रजीत बोललात तरी चालेल."

"डचमध्येच बोलेन," मी म्हटलं.

घरी लेकीनं डोळे फिरवले. "आई, जस्ट डू इट इन इंग्लिश ना."

"त्या नटालाही सगळे असंच सांगत असणार, सोड म्हणून."

तो मूकपटांचा नायक, युरोपातून तिकडे गेलेला. बोलपट आले, त्याचे परदेशी उच्चार ऐकून लोक हसले आणि स्टुडिओनं त्याला नारळ दिला. दुसरा कोणी परत गेला असता. हा पठ्ठ्या तिथेच राहिला, उच्चार सुधारायला रोज मोठ्यानं इंग्रजी वर्तमानपत्र वाचत बसला आणि वर्षानुवर्षं वेटरच्या, दारवानाच्या एकेका वाक्याच्या भूमिका करत राहिला. म्हातारपणी त्याला न्यायाधीशाची भूमिका मिळाली. तोच हा सिनेमा.

मीही लॅबला जाताना सायकलवर भाषण म्हणायचे, आणि संध्याकाळी लेक माझे उच्चार दुरुस्त करताना कपाळाला हात लावायची.

त्या दिवशी उभी राहिले आणि पुण्याच्या सभांची सवय उफाळून आली. आधी आभार. आयोजकांचे, प्रोजेक्टर चालवणाऱ्यांचे, कॉफी देणाऱ्यांचे, पावसात आलेल्या प्रेक्षकांचे, माझ्या डचच्या शिक्षिकेचे. लोक एकमेकांकडे बघू लागले. इथे आभार शेवटी आणि एका वाक्यात मानतात, हे मला माहीत होतं, पण आठवलं तोवर बाई घड्याळ दाखवत होत्या. माझ्या भाषणात नट अजून जन्मालाही आला नव्हता.

बाई हळूच म्हणाल्या, "उरलेलं पटकन इंग्रजीत सांगता का?"

मी मान हलवून नकार दिला, कागद बाजूला ठेवला आणि डचमध्ये म्हटलं, "यातला न्यायाधीश परदेशी उच्चारात निकाल देईल. त्या खुर्चीत बसण्याआधी त्यानं अनेक वर्षं पडद्यावर ट्रे उचललेत. नीट ऐका." आणि खाली बसले.

सिनेमा संपल्यावर एक आजोबा माझ्याकडे आले. आता इंग्रजी येणार, म्हणून मी मन घट्ट केलं. ते डचमध्येच बोलले, भराभरा, जरा वैतागून. तुम्ही वेटरची वर्षं एका वाक्यात उरकलीत, एवढंच मला कळलं.

"पुन्हा सांगा," मी डचमध्ये म्हटलं.

त्यांनी पुन्हा सांगितलं. डचमध्येच, आणि तितक्याच भराभरा.