राजकन्येची पाठ

तोल्फा गावाला एर्सिलिया बार्दानीचा चेहरा माहीत होता. बाकीच्या इटलीने पाहिली ती तिची पाठ. राजे, सरदार, पांढरे विग आणि तलवारी यांची पडद्यावर चलती होती त्या काळात कितीतरी राजकन्या या पाठीवर निभावून गेल्या. चेहरा नटीचा असायचा. घोडा भरधाव सुटला, नदीत उतरला, की पाठमोरी दिसायची ती एर्सिलिया. थिएटरात टाळ्या पडायच्या त्या नेमक्या तेव्हाच.

घोडा तिला घरातूनच मिळाला होता. तिचे वडील सेत्तिमिओ मारेम्माच्या माळावर जनावरं राखायचे, सगळा जन्म खोगिरावर गेला. आई लहानपणीच गेली, त्यामुळे पोरीला सांभाळायला घरी कोणी नव्हतं. सेत्तिमिओ तिला पुढ्यात बसवून कामावर न्यायचे. गावातल्या बायका म्हणायच्या, या मुलीला चालायच्या आधी रिकीब कळली. सेत्तिमिओंना त्यात काही वावगं वाटत नसे. त्यांना बोलायचंच फारसं आवडत नसे.

दुसरं महायुद्ध संपून दहा वर्षं झाली असतील. खालच्या खोऱ्यातल्या एका जुन्या महालात रोमची फिल्म कंपनी उतरली. गोष्ट अठराव्या शतकातली, राज्य कुठल्याच नकाशावर नसलेलं. राजकन्येचं लग्न एका म्हाताऱ्या ड्यूकशी ठरलेलं, आणि तिच्यावर जीव लावून बसलेला एक कफल्लक तलवारबाज. शेवटी तो शिपायांशी लढत लढत सज्जात येतो, खाली राजकन्या घोडा दौडवत येते, तो थेट तिच्या मागे उडी घेतो आणि दोघं पूल ओलांडून जातात. कंपनीला घोडे हवे होते, ते सेत्तिमिओंनी दिले. त्यात एक काळी घोडी होती, नाव बिशा, म्हणजे नागीण. नाव उगाच ठेवलेलं नव्हतं.

बायकांचे डुप्लिकेट तेव्हा पुरुषच असत. रोमहून आणलेला एक काटकुळा माणूस झगा आणि विग घालून बिशावर चढला आणि पहिल्याच वळणावर गवतात गेला. दुसऱ्यांदाही गेला. तिसऱ्यांदा बसायला सांगितलं तेव्हा त्याने विग काढून दिग्दर्शकाच्या खुर्चीवर ठेवला आणि मी रोमला जातो म्हणाला. एर्सिलिया लगाम धरून उभी होती. ती म्हणाली, मी बसते. दिग्दर्शकाने सेत्तिमिओंकडे पाहिलं. सेत्तिमिओ म्हणाले, "आधी तो झगा तिला घालून बघा. घोडीचं ती बघून घेईल."

झग्याने तिला खरोखरच छळलं. कंबर इतकी आवळलेली की श्वास वरच्या वर, आणि दोन्ही पाय एका अंगाला घेऊन बसायचं बायकी खोगीर. संध्याकाळी मांड्या अशा ठणकायच्या की जिना चढवत नसे. पण ती रोज पहाटे सगळ्यांच्या आधी हजर असायची. तो झगा अंगावर चढला की आपण कोणीतरी वेगळेच होतो, असं तिला वाटायचं, आणि हे कोणाला सांगायची तिला लाज वाटायची.

नायक पॅरिसहून आलेला होता, दिसायला फार देखणा, पण खुर्चीवर उभं राहिलं तरी त्याला गरगरायचं. त्याच्या उड्या आणि तलवारी लेआर्को मोंतेझीकडे होत्या. लेआर्को लिव्होर्नोचा. बाप तलवारबाजी शिकवायचा, आजाही तेच करायचा. तो बडबड्या होता, पण काम सुरू झालं की गप्प. दोघांनी ती उडी आधी बुटक्या भिंतीवरून बसवली, मग गवताच्या गाडीवरून, मग सज्जातून. त्याचे पाय सुटले की तिने घोडीच्या मानेवर वाकायचं, त्याचं वजन पडलं की तसंच पुढे पळवायचं. तिला तो दिसत नसे. त्याने श्वास आत घेतला की तिला कळायचं, एवढंच.

एकदा जेवणाच्या सुट्टीत, दोघं महालाच्या पायरीवर पाव आणि कांदे खात असताना, त्याने विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत? मागून काय अंगावर येतंय ते दिसतही नाही."

"दिसत नाही म्हणूनच वाटत नाही. तुम्हाला वाटते?"

"मला रोज वाटते. सकाळी दाढी करताना वाटून घेतो, म्हणजे दिवस मोकळा जातो."

एर्सिलिया हसली. माळावरच्या माणसांत वाढलेली ती. पुरुष भीतीबद्दल असं सहज बोलतो, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून ती त्याच्या बोलण्याची वाट बघायला लागली.

उडीचं शूटिंग शेवटच्या दिवशी ठेवलं होतं. पहिल्या वेळी विग उडाला. दुसऱ्या वेळी ढग आला. तिसरी अशी जमली की सैनिकांच्या वेशातले लोक भाले खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागले. पण दिग्दर्शकाला पुलावरचं ऊन आणखी तिरपं हवं होतं. तो म्हणाला, अजून एक. एर्सिलियाने उतरून बिशाचा पुढचा पाय हातात घेतला. गुडघ्याखाली गरम लागत होता.

"आज आता नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी."

उद्या महाल आपल्याकडे नाही, असं दिग्दर्शकाने सांगितलं. आधी शांतपणे, मग आवाज चढवून, मग वडिलांकडे वळून. सेत्तिमिओंनी घोंगडी आणली आणि घोडीच्या पाठीवर टाकली. तेव्हा दिग्दर्शकाने सैनिकांतला एक स्वार बोलावला, त्याला दुसरा झगा द्यायला सांगितलं, आणि दुसरा घोडा आणवला.

एर्सिलियाने लेआर्कोकडे पाहिलं. तिला खात्री होती की तो नाही म्हणेल. तो सज्जाकडे बघत होता.

"एकच तर उडी आहे," तो म्हणाला.

"मग मारा."

ती घोडी घेऊन निघाली. रस्त्याच्या वळणावर पोचली असेल तेव्हा मागून टापा ऐकू आल्या, आरडाओरडा ऐकू आला, आणि मग आरडाओरडा थांबला. टापा तेवढ्या पुढे जात राहिल्या. मागे वळून बघायच्या आधीच तिला कळलं होतं. नव्या घोड्याने झग्याच्या फडफडीला बिचकून अंग चोरलं होतं. लेआर्को घोड्याच्या पाठीवरून घसरून फरशीवर पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं.

चिव्हितावेक्क्याच्या हॉस्पिटलात ती पहिल्यांदा गेली तेव्हा बरोबर फुलं नव्हती, मेंढीच्या दुधाचं चीज होतं. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती खुर्चीवर बसली, चीज कापलं, आणि नर्सने उठवेपर्यंत बसून राहिली. पुढच्या रविवारी पुन्हा गेली. मी सांगितलं होतं, असं म्हणायला ती तिथे गेली नव्हती; पण ते वाक्य पोटात होतं आणि ते कधी बाहेर पडेल याची तिलाच धास्ती होती. म्हणून ती कमी बोलायची. तो मात्र हळूहळू बोलायला लागला, लिव्होर्नोच्या बंदराबद्दल, बापाबद्दल, शेजारच्या खाटेवरच्या घोरणाऱ्या कोळ्याबद्दल. उडीचं नाव दोघांनीही काढलं नाही. घरी सेत्तिमिओ फक्त एवढंच म्हणायचे, की रविवारी घोड्यांना खरारा कोण करणार ते एकदा ठरव.

तो काठी टेकत हिंडायला लागला तोवर सिनेमा तयार होऊन गावोगाव फिरत होता. तोल्फात तो चर्चच्या हॉलमध्ये लागला. प्रोजेक्टर पाद्रीबुवा एउतित्सिओंचा, त्यामुळे कायदाही त्यांचाच. नायक-नायिका जवळ आले की ते आपली टोपी भिंगापुढे धरायचे आणि हॉलमध्ये अंधार व्हायचा. रविवारची दुपार होती, अख्खं गाव लोटलं होतं. लेआर्को बसने आला होता आणि एर्सिलियाच्या शेजारी बसला होता. राजकन्या पहिल्यांदा पाठमोरी दौडत गेली तेव्हा मागून खाटिकाची बायको ओरडली, "अगं, ही तर सेत्तिमिओची पोरगी! बसणं बघा तिचं." मग कथेकडे कोणाचंच लक्ष राहिलं नाही. पाठ दिसली की लोक नाव घेऊन हाका मारायचे. आई असती तर लाजेने मेली असती, असं कोणीतरी म्हणालं, आणि दुसरं कोणीतरी म्हणालं, छे, सगळ्यात पुढे बसली असती.

उडी आली. सज्जा, काळी घोडी, वाकलेली पाठ, हवेतला माणूस. घोडी एकदा कान मागे टाकते आणि पुढे सुटते. त्या दोघांना घेऊन घोडी पूल पार करते, ऊन सरळ डोक्यावर. पाद्रीबुवांनी टोपी उचलली होती, पण धरायला विसरले.

सिनेमा सुटल्यावर दोघं चढावरून हळूहळू घराकडे निघाली. तो दर थोड्या अंतराने थांबत होता.

"तिसरी होती," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं होतं, दुसऱ्या कोणाकडून परत करून घेतली असेल. तिरपं ऊन हवं होतं ना त्यांना."

"नाही घेतली. बाबांनी तेव्हाच चौकशी केली होती."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, "पडून होतो तेव्हा वाटायचं, निदान ती उडी गरजेची तरी होती. आता तेही गेलं." मग त्याने खालच्या खोऱ्याकडे पाहिलं. "मला वाटत होतं मी घोड्यावर उडी मारतो. घोडा काय, कुठलाही चालेल. मी तुमच्या भरवशावर मारत होतो, हे मला सज्जातून सुटल्यावर कळलं. तेव्हा परत फिरता येत नाही."

एर्सिलियाच्या पोटातलं ते वाक्य त्या क्षणी कुठे गेलं, तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. तिला राग शोधूनही सापडेना. ती त्याच्या काठी नसलेल्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"घरी चल," ती म्हणाली. "सूप निवतंय."

तोपर्यंत ती त्याला ‘तुम्ही’ म्हणत होती.

लग्नाचं विचारायला तो गेला तेव्हा सेत्तिमिओंनी त्याला बसायला स्टूल दिलं, वाइन दिली आणि बराच वेळ त्याच्या पायाकडे बघितलं. "लंगडा आहेस," ते म्हणाले. "म्हणजे पळून तरी जाणार नाहीस." एवढ्यावर लग्न ठरलं.

पुढची वर्षं कामाची गेली. एर्सिलिया राजकन्या झाली, सरदारीण झाली, पुरुषी वेशात पळणारी राणी झाली. लेआर्को खुर्चीत बसून नटांच्या लढाया बसवायचा, काठीने हवेत रेघा काढून दाखवायचा. तो हात लंगडा नव्हता. घरी स्वयंपाक त्याचाच, कारण ती दमून यायची; गाव हसायचं, तर तो हसणाऱ्यांना जेवायला बोलवायचा. एक गोष्ट मात्र त्याला कधी जमली नाही. तिची उडी असली की तो उठून गाड्यांच्या मागे जायचा आणि टाळ्या ऐकू आल्यावरच परत यायचा. यावरून त्यांची भांडणंही झाली. तू बघत नाहीस याचा अर्थ तुझा माझ्यावर विश्वास नाही, असं ती म्हणायची. विश्वास आहे म्हणून पडल्याचा आवाज ऐकायला जवळ थांबत नाही, असं तो म्हणायचा. यात कोण बरोबर, हे ठरलं नाही. पण बिशाला घेऊन त्या वळणावरून आपण चालत गेलो होतो, तेव्हा त्याची उडी आपणही बघितली नव्हती, हे तिला एकदा घोड्यांना पाणी पाजताना अचानक सुचलं, आणि ते भांडण तिने परत काढलं नाही.

एका दिग्दर्शकाने तिला कौतुकाने चेहऱ्याची भूमिका दिली. बाजारात राजकन्येला सफरचंद देणारी बाई, दोन वाक्यं. ती सवयीने दर वेळी पाठ फिरवायची. शेवटी सगळे इतके हसले की ती भूमिका केस करणाऱ्या बाईला देऊन टाकली. तिला वाईट वाटलं नाही, उलट सुटल्यासारखं झालं.

मग विग आणि तलवारींचे दिवस सरले. धुळीचे, पिस्तुलांचे सिनेमे आले. त्यातही घोडे होते, म्हणून ती राहिली. चाळिशी ओलांडल्यावर एका सकाळी, एका उथळ नदीपाशी, ती खोगिरावर बसली आणि तिने घोडा काठाशीच थांबवला. पाणी काही खोल नव्हतं. घोडा ओळखीचा होता. पण पुढे काय काय होऊ शकतं ते सगळं तिला एकदम दिसलं, याआधी कधी दिसलं नव्हतं. ती खाली उतरली, दिग्दर्शकाला म्हणाली की मला भीती वाटते, आणि घोडा भ्यायलेल्या माणसाखाली नीट चालत नाही. तो चांगला माणूस होता. त्याने गाडी देऊ केली, ती बसने आली.

लेआर्को अंगणात बसून वालाच्या शेंगा सोलत होता. ती इतक्या लवकर आलेली बघून तो उठायला गेला.

"बस," ती म्हणाली. "काही झालं नाही. भीती वाटली."

त्याने तिच्याकडे नीट बघितलं, शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं, आणि टोपलीतल्या निम्म्या शेंगा तिच्या मांडीवर ओतल्या. ती सोलत बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, रोज सकाळी दाढी करताना हे असं वाटून घेऊन तू कामावर कसा जायचास. तो सांगायला लागला. त्याला सांगायला पुष्कळ होतं, आणि या वेळी तिला कुठे जायची घाई नव्हती.