उठलेल्या कॅम्पचा नकाशा

आखातातल्या मीना अब्दुल्ला नावाच्या गावी एका कंत्राटदाराच्या ऑफिसात मी पाइपांची ड्रॉइंग काढतो. माप घेतल्याशिवाय रेघ ओढायची नाही ही माझी खोड, आणि तिच्यापायी मी बायकोपासून साहेबापर्यंत सगळ्यांची बोलणी खाल्ली आहेत. त्यामुळे आमच्यातले सगळ्यात जुने फिटर काका "आपल्या कॅम्पचा नकाशा काढून दे" म्हणाले, तेव्हा मी आधी विचारलं, "मापं कुठायत?"

कॅम्पच उरला नव्हता, तर मापं कुठली! इथल्या कित्येक पाइपलाइनी ज्यांनी जोडल्या, त्या लोकांची ती वाळूतली वस्ती. पत्र्याच्या केबिनी केव्हाच उचलून नेल्या. फोनच्या नकाशात तिथे ठिपकासुद्धा नाही. मी तिथे तीन वर्षं काढली, काका मात्र पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत होते. आता त्यांचा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द झाला होता आणि शनिवारी ते कायमचे गावी निघाले होते. कॅम्पात त्यांच्या शेजारच्या खाटेवरचा माणूस त्यांच्याच वाडीतला. तो इथेच तापाने गेला. त्याची बायको दर सुट्टीत काकांना एकच विचारायची, ते राहायचे कुठे? काकांना ते तोंडी सांगता यायचं नाही.

"ह्या खेपेला रिकाम्या हातानं नाय जायचं मला," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मी टेप घेतली आणि त्यांना गाडीत घातलं. जागेवर काही म्हणजे काही नव्हतं. पाण्याच्या टाकीचा काँक्रीटचा चौथरा तेवढा वाळूतून वर आलेला. काका त्याला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, गहिवरले. तसलं काही नव्हतं. धुळीच्या वादळात पुढे केलेला हात दिसायचा नाही, म्हणून टाकीपासून केबिनींपर्यंत आम्ही दोर बांधला होता आणि पावलं मोजत ये-जा करायचो. काका तीच मोजत निघाले. अडतीस सरळ, मग डावीकडे बारा. मी टेप घेऊन मागे. मी त्यांना तीनदा चालायला लावलं.

"मला काय शिकाऊ समजतोस?" तिसऱ्यांदा ते चिडले.

पण तिन्ही वेळा हातभराचाही फरक पडला नाही. मला त्या माणसाचा अभिमान वाटला आणि मी तसं त्यांना सांगितलंही.

दुपारी माझ्या खोलीवर बसून नकाशा काढला. केबिनी, मोरी, स्वयंपाकाची शेड, प्रत्येक खाट. काकांनी आपल्या केबिनीच्या भिंतीवर बोट ठेवलं.

"इथं खिडकी काढ."

"खिडकी नव्हती, काका. एसीचं भोक होतं."

"नव्हतीच. पण त्याच्या बायकोला पत्रात लिवलेली. खिडकीतनं समुद्र दिसतो म्हणून. तो सांगायचा, मी लिवायचो."

"मी नाही काढणार."

"एक रेघ तर हाय."

"नसलेली रेघ मी ओढत नाही. कॅम्प उठला तो उठला, कागदावर तरी जसा होता तसा राहू दे."

बराच वेळ वाद झाला. चहा निवून गेला. शेवटी काका म्हणाले, "मग तूच सांग तिला," आणि फोन लावून त्यांनी माझ्या हातात दिला.

हट्ट धरणं सोपं असतं. त्यांना सांगणं नव्हे, पण मी सांगितलं. "वहिनी, केबिनीला खिडकी नव्हती. समुद्र दिसत नव्हता."



"ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या. "पत्रं भावोजी लिवायचे, त्यांना खोटं लिवता येत नाय. मला एवढंच सांगा, ते डोकं कुठं करून झोपायचे?"

मी नकाशाकडे पाहिलं. इतकी मापं घेतली होती, हे मात्र मी विचारलंच नव्हतं. काकांना विचारलं. त्यांनी खाटेच्या एका टोकाला बोट टेकवलं. ते टोक त्यांच्या स्वतःच्या खाटेला लागून होतं.

"माझ्याकडं," काका म्हणाले. "ताप चढला की मोठ्यानं हाक मारवायची नाय त्याला."

मी ते तसंच्या तसं वहिनींना सांगितलं. त्या रडल्या. मग मी पेन्सिल घेतली आणि त्या टोकाला उशी काढली, मापात.