मामांचे पाय आणि वाळ्याचं मीठ

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. त्याला वयाचा हिशेब नाही. मी फ्रॉकात होते तेव्हापासून वालूरच्या घरात मामा सकाळची शिवपूजा आटोपून, कपाळावर ओली विभूती घेऊन यायचे आणि माझ्या पायांवर डोकं टेकवायचे. तेव्हा मी ऐटीत पाय पुढे करायची. आता मी परभणीला शाळेत शिकवते, केसांत पांढरं दिसायला लागलंय, तरी मी एसटीतून उतरले की मामा वाकतातच, आणि त्यांचे गुडघे वाजलेले मला ऐकू येतात. मला त्या आवाजाचा राग येतो. मामांचाही येतो.

कारण त्या घरात मी लेकीसारखी वाढले. आई गेली तेव्हा मला धड बोलताही येत नव्हतं. मामा तिचे धाकटे भाऊ, तिला अक्का म्हणायचे, एवढंच मामींनी मला सांगितलेलं. मामांनी तिचा विषय कधी काढला नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांनी मला वाढवलं, शिकवलं, आणि माझ्या हातून साधा पाण्याचा तांब्याही कधी घेतला नाही. "भाचीकडून कुणी सेवा घेतेत व्हय?" म्हणायचे. त्यांच्यासाठी एकदा तरी काही करायला मिळावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि तीच नेमकी रीतीत बसत नव्हती.

किराणा दुकानात दिवसभर उभं राहून मामांचे पाय ठणकायचे, झोप लागायची नाही. डॉक्टरांनी तपासलं, साखरबिखर काही नाही म्हणाले, कोमट मिठाच्या पाण्यात पाय ठेवून बसा म्हणाले. मी मेडिकलमधून मॅग्नेशियम सल्फेटचं पाकीट आणून दिलं. पुढच्या खेपेला विचारलं, काही गुण आला का?

"लय गुण आला!" मामा खुशीत होते. "पानं कशी हिरवीगार झाली."

पाकिटावरचं नाव वाचून त्यांनी ते ओळखलं होतं. कपाशी लाल पडली की हेच फवारतात. शेजारच्या शेतकऱ्याची कपाशी लाल पडायली होती, मामांनी पाकीट उचलून त्याला देऊन टाकलं. "पायाला कशाला वाया घालायचं, माय?" मामी पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी घुश्शातच परत आले.

मग ठरवलं, कपाशीवर मारताच येणार नाही असं मीठ करायचं.

श्रावणातली सुट्टीची दुपार होती. परातीत मॅग्नेशियमचे पांढरे खडे ओतले, त्यात खलबत्त्यात भरड कुटलेलं गुलाबी शेंदेलोण, थोडा खायचा सोडा. वाळ्याची जुडी कात्रीनं बारीक कातरली, सावलीत सुकवलेल्या गुलाबपाकळ्या चुरल्या. सगळं हातानं हलवत बसले. खिडकीतून ऊन यायचं, परातीतले खडे चमकायचे, ढग आला की विझायचे. वाळ्याचा वास घरभर पसरला. किती वेळ हलवत होते कोण जाणे. डोळे उघडे होते, पण मी कुठेतरी पाण्याकाठी बसल्यासारखी होते, आणि तिथून उठायला मन होत नव्हतं.

बरणी घेऊन वालूरला गेले. मामांनी झाकण काढून वास घेतला. "हे तर लग्नघरासारखं वासायलंय. आन् मीठ तर आपल्या बोअरच्या पाण्यात फुकट हाय की."

"मामा, आज मी ऐकणार न्हाई."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी मामीच म्हणाल्या, "पोरगी एवढ्या लांबून बरणी घेऊन आलीय. तुमी पाय बुडवा, ती हात लावणार न्हाई. मग तर झालं?" मामांनी मला तसं कबूल करायला लावलं, आणि मगच धोतर वर खोचलं.

मागच्या अंगणात खुर्ची टाकली. पितळी घंगाळात कोमट पाणी, त्यात ओंजळभर मीठ. खडे तळाशी बसले, हळूहळू दिसेनासे झाले. पाकळ्या वर आल्या. मामांनी पाय आत सोडले आणि त्यांच्या तोंडून नुसता श्वास निघाला. मी कबूल केल्याप्रमाणे चार हात लांब, हौदाच्या कडेला बसले. मामी आत गेल्या. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस नव्हता. सगळं कसं अधांतरी थांबल्यासारखं.

"दुधना नदीच्या पाण्यात आमी असेच पाय सोडून बसायचो," मामा एकाएकी म्हणाले. डोळे मिटलेले होते. "मी आन् तुझी माय. बारकी मासळी यायची, बोटांना गुदगुल्या करायची. मी चिखलात लोळून यायचो, मग अक्काच पाय धुवायची माझे. आई मारंल म्हणून."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आई अशी माझ्यासमोर आली होती. पुढचं ऐकायचं होतं, पण मामांची मान कलली. त्यांना झोप लागली होती. ढगांची सावली अंगणातून गेली, परत आली. पाकळ्या त्यांच्या घोट्यांभोवती चिकटून राहिल्या.

बऱ्याच वेळानं ते पुटपुटले, "अक्का, पाणी गार झालं गं."

मी उठले. घंगाळाशी खाली बसले. आईचा आवाज कसा होता ते मला माहीत नाही. मामांना मी जन्मात कधी अरेतुरे केलेलं नव्हतं.

"मग काढ की पाय भाईर," मी म्हणाले.

त्यांनी डोळे न उघडता एक पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मग दुसरा. केवढे जड होते ते. मी ओढणीनं टाचांच्या भेगा पुसल्या, बोटांच्या बेचक्या पुसल्या, आणि रडू फुटू नये म्हणून ओठ घट्ट मिटून घेतले. आवाज झाला असता तर ते जागे झाले असते.